होडीच्या नावाचा ठिपका

वारा सुटला तेव्हा शिशिर पाण्यावर होता, आणि मी रायपुरात शंकर नगरच्या ऑफिसात एसीखाली बसून त्याला शिव्या घालत होते. शिशिर म्हणजे माझा धाकटा दीर. धंदा आम्हा दोघांचा: बिनमाणसाची होडी धरणात सोडायची, ती आपली आपण येरझाऱ्या घालत गाळ मोजते. सकाळी ती पाणवेलींत अडकली, तर हा शहाणा रबरी नावेत बसून एकटाच सोडवायला गेला. लाइफ जॅकेट तो अंगात घालत नाही, बुडाखाली घेतो.

पाण्यावर मोबाइल लागत नाही. म्हणून आमच्या डब्या. मुठीत मावणाऱ्या, एका सेलवर महिनोन्महिने चालणाऱ्या. एक होडीला, एक शिशिरच्या खिशात. डबी दर पाच मिनिटांनी एकदा ‘मी इथे आहे’ एवढंच सांगते. टेकडीवरचा अँटेना ते ऐकतो आणि रायपुरात माझ्या पडद्यावर ठिपका सरकतो. बोलून झालं की ती क्षणभर ऐकते. होडीला हुकूम द्यायचा तर तेवढ्यातच, मग डबी पुन्हा झोपते.

धरणाच्या चौकीत फोन आहे. चौकीदार हरिदास म्हणाला, “दीदी, लहरें बहुत हैं. कोई केवट नहीं उतरेगा. भैया दिख नहीं रहे.”

“भैया ठीक हैं, रमा दीदी,” पूर्णिमा पडद्याकडे बोट करत म्हणाली. आमचा प्रोग्राम ती लिहिते. पुरानी बस्तीतल्या मराठी घरची पोरगी, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. “देखिए, वो चल रहे हैं. होडी की मोटर बंद पड़ गई है, वो बह रही है.”

दिसत तसंच होतं. ‘शिशिर’ नावाचा ठिपका नीट पुढे जात होता आणि ‘होडी’ वाऱ्याबरोबर धरणाच्या मध्याकडे वाहवत चालली होती. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. होडी गेली तर दुसरी बांधू.

मग ‘शिशिर’ पुन्हा बोलला. त्याच्या ठिपक्यांची माग-रेघ मी पाहिली. सरळ गेला होता, काटकोनात वळला होता आणि आधीच्या रेघेला लागून परत निघाला होता.

“पूर्णिमा, हा शिशिर नाही. अशा वाऱ्यात वावर नांगरल्यासारखं कोण वल्हवते? ही होडी आहे.”

“लेकिन नाम तो...”

“डब्या बदलल्या त्यानं! होडीच्या डबीचा सेल सकाळपासून उतरून राहिला होता. आपली ताजी तिले लावली अन् तिची मरतुकडी आपल्या खिशात टाकली. तो असाच आहे. आधी होडीले जेवू घालते, मग आपण जेवते.”

म्हणजे वाहत होता तो माझा दीर. नावेसकट की नावेवाचून, ते ठिपका सांगत नाही.

“होडी को भेज दें? जहाँ वो हैं, वहीं?”

“तिथे नको. होडी पोचेपर्यंत तो पुढे गेला असेल. त्याच्या वाटेत उभी कर, वाऱ्याच्या पुढे. तोच येऊन लागला पाहिजे तिले.”

मागचे तीन ठिपके जोडून मी रेघ पुढे ओढली आणि अंदाजानं एका जागी बोट ठेवलं. होडीवर आता ‘शिशिर’ची डबी होती, म्हणून हुकूम त्याच नावानं टाकला आणि होडी बोलायची वाट पाहत बसलो. देवाचं नाव घ्यावं तर तोंडात शिव्याच येत होत्या. त्या शिशिरला होत्या आणि सेलच्या बचतीचं कौतुक करणाऱ्या मलाही.

ती बोलली. हुकूम गेला. पुढच्या खेपेला होडीनं येरझाऱ्या सोडल्या होत्या, आडवी पळत होती. शिशिरच्या खिशातली डबी मात्र आपली पाळी चुकली. मेली की काय! पूर्णिमा रडायला लागली. मी तिच्यावर खेकसले, मग तिचा हात धरला.

आणखी एक पाळी कोरडी गेली. होडी नेमल्या जागी जाऊन उभी राहिली. मग मरतुकडी डबी बोलली. होडीच्या अगदी शेजारी!

“पहुँच गए!”

“थांब. डबी एकटीही तरंगते. वारा तिले होडीवरून पुढे नेईल, मग काय करशील?”

ती पाच मिनिटं मी कशी काढली ते मला विचारू नका. खुर्चीवर बसवेना, उभं राहवेना. पडद्यावर हात ठेवून मी म्हणत होते, जाऊ नको रे, जाऊ नको.

ठिपका पुन्हा उमटला. होडीच्या शेजारीच. तोच वारा, तेच पाणी, आणि तो पुढे गेला नव्हता. डबीला हात नसतात, कुणीतरी होडी धरून होतं. मी मोठ्यानं रडले आणि रडतरडतच ‘घरी ये’चा हुकूम टाकला.

होडी काठाकडे निघाली, नेहमीच्या निम्म्या वेगानं. शेजारचा ठिपका एकदा तिच्याबरोबर उमटला, मग त्याचा सेल संपला. पुढचा सगळा रस्ता होडी एकटीच दिसत होती.

चौकीवरून फोन आला तेव्हा मला उचलवेना. पूर्णिमानं स्पीकरवर टाकला.

“दीदी, भैया ज़िंदा हैं,” हरिदास ओरडत होता. “होश में हैं. होडी की रस्सी पकड़े हैं. किनारे आ गए, फिर भी उँगलियाँ नहीं खुल रहीं. खींचकर छुड़ा दें?”

“नहीं, हरिदास,” मी म्हणाले. “पकड़े रहने दो.”