उजव्या नाकपुडीतल्या पेशी

बाबांचं नाक आतून वाकडं आहे, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेरून ते सरळ, धारदार. आई म्हणायची, लग्नाला होकार दिला तो निम्मा त्या नाकाला. पण नाकाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि म्हणाले, "आतला पडदा उजवीकडे झुकलाय. डावीकडे राजरस्ता, उजवीकडे बोळ."

बाबा शिंपी. थरथरणारे हात मांड्यांखाली दाबून बसले होते. "दोन्हीकडून घ्या हो," ते म्हणाले, "फक्त उसवू नका. आता सुईत दोरा ओवणं काही माझ्याच्याने होत नाही."

त्यांना तिथे आणलं होतं मुलीनेच. ती त्याच इमारतीतल्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं काम करायची. कंपवाताने मेंदूत काय बिघडतं हे बघायला जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढता येत नाही. पण नाकाच्या अगदी छताशी वास घेणाऱ्या मज्जापेशी असतात. मेंदूच्याच गोतावळ्यातल्या, फक्त उंबऱ्याबाहेर येऊन बसलेल्या. बारीक ब्रश फिरवून त्या काढायच्या, डिशमध्ये वाढवायच्या आणि रोग त्यांचं काय करतो ते पाहायचं. बाबांचं दुखणंही नाकापासूनच सुरू झालं होतं. हात थरथरायच्या कितीतरी आधी इस्त्रीखाली गिऱ्हाइकाची पँट जळाली. वासाने शेजारचा दुकानदार धावत आला, आणि इस्त्री हातात धरून उभ्या असलेल्या बाबांना पत्ताच नव्हता.

थंडीत बाबा गेले. छातीत कफ झाला, निमित्त तेवढंच.

ती कामावर परतली तेव्हा डाव्या नाकपुडीतल्या पेशींनी डिश गच्च भरली होती. त्या वाढवल्या होत्या तिच्या सहकाऱ्याने. कामाच्या झपाट्यामुळे त्याला सगळे तुफान म्हणायचे. "ताई, बाबांच्या पेशी बघ," तो म्हणाला, "काय जोमात आहेत!"

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. फरशा बसवाव्यात तशा पेशी एकीला एक चिकटून बसल्या होत्या.

"या वासाच्या नाहीत रे. श्वासाच्या वाटेवरचं साधं अस्तर आहे हे."

प्रयोगशाळेचा रिवाजच होता: दोन्ही नाकपुड्यांतल्या पेशी वेगवेगळ्या कुप्यांत गोठवून ठेवायच्या आणि ज्या कुपीत पेशी भरपूर, ती आधी वापरायची. राजरस्त्याने गेलेला ब्रश खालच्या खालीच भरला होता, छतापर्यंत पोचलाच नव्हता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी तिला बोलावून घेतलं. "तुझ्या वडिलांना या अभ्यासातून वगळावं लागणार. नमुना पुन्हा तर…"

"मागता येणार नाही," तिने वाक्य पुरं केलं. "पण उजवी कुपी आहे ना. बोळ म्हणून डॉक्टरांनी तिकडे सगळ्यात बारीक ब्रश घेतला होता, बघत बघत वर नेला होता."

"त्यात पेशी आहेत चिमूटभर. वितळवल्या आणि मेल्या म्हणजे?"

"टाकीत गोठलेल्या राहिल्या तर जगतील, पण सांगणार काहीच नाहीत. बाबा इथे स्वतःला जपून ठेवायला आले नव्हते, बाई."

बाईंनी उजव्या कुपीची नोंद शोधून काढली. "बरं. पण रोगाची खूण किती पेशींत आहे, ती शेवटची मोजणी तू करायची नाहीस. मुलगी आहेस त्यांची."

"मोजणी तुफान करेल. वाढवीन मात्र मी. तो सकाळी पेरून संध्याकाळी कापणीला जाईल."

"ऐकू येतंय हं मला!" तुफान पलीकडच्या टेबलावरून ओरडला.

घरी तिने आईला सांगितलं. आईचा भांडी पुसणारा हात थांबला. "म्हणजे ते आहेत अजून?"

"बाबा नाहीत, आई. पेशी आहेत."

"कळतं मला, मी काही खुळी नाही." आईने पातेलं पुन्हा पुसलं, ते कोरडं असूनही. "पण त्यांच्याच ना? मग घाईने काही व्हायचं नाही. पुढ्यातला चहा निवेपर्यंत बघत बसणारा माणूस तो. मी आयुष्यभर डोकं आपटलं."

पेशी वितळवल्यावर आधी काहीच दिसेना. तुफान येता-जाता डोकावायचा आणि मान हलवायचा. एवढ्या दिवसांत न वाढलेली डिश फेकून द्यायची, हाही रिवाजच. तिने फेकू दिली नाही. पोषकद्रव सगळं न बदलता निम्मंच बदलत राहिली. पेशींनी स्वतः सोडलेलं जे त्यात असतं, त्याचाही त्यांना आधार लागतो. एका सकाळी एका पेशीला फाटा फुटलेला दिसला, लांब आणि केसासारखा बारीक. मग दुसरीला फुटला. मग ते फाटे एकमेकांना शोधत निघाले.

आता पुढची पायरी आली. त्या मज्जापेशीच आहेत का आणि त्यांच्यात रोगाची खूण आहे का, हे रंगवल्याशिवाय कळत नाही. आणि रंगवायचं तर त्या आधी रसायन घालून जागच्या जागी मारायला लागतात. पेशी इतक्या थोड्या होत्या, की निम्म्या मागे ठेवायची सोयच नव्हती.

ती पिपेट हातात घेऊन बसून राहिली. तुफान शेजारी येऊन उभा राहिला. "ताई, राहू देत अजून आठवडाभर. बाईंचं मी बघतो."

"आज त्या भरात आहेत. उद्या सुकायला लागल्या तर रोगाने सुकल्या की माझ्या मोहाने, हे तुला कळणार कसं?"

"मग मी करतो. तू बाहेर जा."

"नको."

तिने डिश शेवटची सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मग पोषकद्रव ओढून घेतलं आणि रसायन कडेकडेने सोडलं, फाटे हलू नयेत म्हणून. डोळे पुसायला तिला हातमोजे उतरवावे लागले. ते तिने डिशवर झाकण ठेवल्यानंतरच उतरवले.

रंगवल्यावर सगळे फाटे हिरवे उजळले. मज्जापेशीच होत्या त्या. आणि कितीतरी पेशींच्या पोटात लाल गाठी होत्या, रोगाची खूण, ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप चालला होता त्या. बाबा होते तेव्हा ज्या कुणाला दाखवता आल्या नाहीत, त्या आता कुणालाही दिसू शकत होत्या.

ती उठली आणि खुर्ची मागे सरकवली.

"बस," ती तुफानला म्हणाली. "मोज."