बायकोच्या कागदांवर

तोरेसालच्या क्राउन बारमध्ये क्लिफर्ड इबॉटसनला सगळे वकीलसाहेब म्हणत. कायद्याचं पुस्तक तो कधी उशाला घेऊनसुद्धा झोपला नव्हता. इंग्लंडमधल्या बार्न्झलीत त्याने जन्मभर जुन्या गाड्या विकल्या आणि जुनी गाडी विकणाऱ्याला जेवढं खरं बोलावं लागतं तेवढंच तो बोलत आला. पण स्पेनच्या त्या किनाऱ्यावर नवं इंग्रज जोडपं राहायला आलं की पहिल्या आठवड्यातच ते त्याच्या टेबलाशी येऊन बसायचं. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि नवख्या माणसाला तो खळखळाटच आधी ऐकू येतो.

"नोंद करायची नाही," क्लिफर्ड बिअरचा फेस पुसत सांगायचा. "नगरपालिकेत नाही, पोलिसात नाही, कुठ्ठेच नाही. नोंद झाली की कर आलाच म्हणून समजा. पत्ता गावाकडचा ठेवायचा, डॉक्टर गावाकडचा ठेवायचा. इथे आपण पाहुणे."

या पाहुण्याला तिथे अठरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तो स्पॅनिशमध्ये बिअर मागायला आणि बिल मागायला शिकला. बाकी सगळं तो इंग्रजीतच बोलायचा, फक्त समोरच्याला कळलं नाही की आवाज चढवायचा. भाजी विकणारा मोरोक्कन आणि गवंडीकाम करणारा रुमानियन हे त्याच्या लेखी स्थलांतरित. तो स्वतः मात्र नाही. तो नुसता इंग्रज होता, आणि इंग्रज माणूस जिथे बसेल तिथे आपल्याच घरी असतो असं त्याचं म्हणणं. देशाने युरोपातून बाहेर पडावं यासाठी त्याने मत दिलं तेही युरोपात समुद्रकाठी बसून, बहिणीच्या पत्त्यावर मागवलेल्या टपाली मतपत्रिकेवर. त्या दिवशी त्याने अख्ख्या बारला बिअर पाजली होती आणि अख्खा बार ती प्यायला होता. नंतर रडले तेही हेच सगळे.

ग्लेनिस, त्याची बायको, शेजारी संत्र्याचा रस घेऊन बसायची. तिचं मत कुणी विचारायचं नाही. टेबलाभोवतीच्या बायका नवऱ्यांच्या विनोदावर हसण्यापुरत्या असत, आणि ग्लेनिसला तेही धड जमत नसे.

"माझी बायको बघा," क्लिफर्ड लोकांना सांगायचा. "गावातल्या म्हाताऱ्यांबरोबर गाते! शब्द कळत नाहीत, पण गाते!"

शब्द तिला कळत होते. खालच्या मजल्यावरच्या एन्कार्नाने तिला नगरपालिकेच्या गायनवृंदात नेलं होतं, आणि वृंदात घ्यायचं तर बाई गावची रहिवासी लागे. म्हणून बऱ्याच वर्षांपूर्वी एके सकाळी एन्कार्नाने तिला हाताला धरून नगरपालिकेत नेलं, तिथून पोलीस कचेरीत नेलं, आणि ग्लेनिस रीतसर तिथली झाली. घरी येऊन तिने नवऱ्याला ते सांगितलं तेव्हा तो खो खो हसला.

"स्वतःच्या पायांनी चालत जाऊन जाळ्यात शिरलीस! अगं, मेंढरालासुद्धा ढकलावं लागतं!"

पुढे महिनाभर बारमध्ये तो हाच किस्सा सांगत होता. ग्लेनिसला त्याचा राग येत नसे, राग यायचं वय मागे पडलं होतं. राहिली होती ती निव्वळ तुच्छता. ती मात्र तिने लोणच्यासारखी झाकून मुरत ठेवली होती.

मग बार्न्झलीत क्लिफर्डची बहीण मेव्हिस वारली.

अंत्यविधीला क्लिफर्ड एकटाच गेला. बहिणीच्या जाण्याचं त्याला दुःख झालं, नाही असं नाही, पण त्याहून मोठा धक्का भाच्याने दिला. घर विकायचं ठरलंय म्हणाला. म्हणजे ज्या पत्त्यावर क्लिफर्ड अठरा वर्षं कागदोपत्री राहत होता, जिथे त्याचं पेन्शनचं पत्र यायचं, जिथला त्याचा डॉक्टर होता, तो पत्ताच बुडाला. आणि परत येताना आलिकान्तेच्या विमानतळावर खिडकीतल्या तरुण पोलीस बाईने त्याचं पारपत्र उलटसुलट करून पाहिलं, शिक्के मोजले आणि विचारलं, "तुम्ही इथे राहता की फिरायला येता?"

"फिरायला," क्लिफर्ड सवयीने म्हणाला.

"पाहुण्याला नव्वद दिवस मिळतात. तुमचं फिरणं फारच लांबलंय."

बायको इथली रहिवासी आहे, हे त्याला तिथे पहिल्यांदा न हसता सांगावं लागलं. बाईने त्याला त्या खेपेला आत सोडलं, पण बजावलं: कागद करून घ्या, नाहीतर पुढच्या खेपेला दार बंद. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. घरी येऊन क्लिफर्डने ही हकीकत अशी सांगितली, जणू त्या पोरीलाच त्याने चार शब्द सुनावले होते.

बारमध्ये मात्र लगेच बभ्रा झाला.

"काय वकीलसाहेब, तुमचाच खटला का?" रॉन हॅथर्सेज म्हणाला. त्याने वकीलसाहेबांचा सल्ला ऐकून नोंद केली नव्हती आणि मग घाबरून, देश युरोपातून बाहेर पडल्यावर नोंदीसाठी मिळालेली मुदत संपायच्या आधी गुपचूप करून घेतली होती. टेबलावरच्या निम्म्या लोकांनी तेच केलं होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, इतकंच. हेच ते शूर वीर. क्लिफर्डच्या पाठीवर थापा मारत होते आणि खिशात रहिवासाचं कार्ड घेऊन फिरत होते.

शेवटी क्लिफर्डला अंपारोकडे जावं लागलं. अंपारोचा धंदा परक्यांची कागदपत्रं करून देण्याचा. चौकात तिचं छोटं ऑफिस होतं आणि वकीलसाहेबांनी ते वर्षानुवर्षं 'लुटारूंचा अड्डा' म्हणून हिणवलं होतं. ग्लेनिस बरोबर गेली. दुभाष्याचं काम तिच्याकडे होतं, म्हणजे अंपारोला उत्तम इंग्रजी येतं हे कळेपर्यंत.

"इथे राहत होता याचा पुरावा?" अंपारोने विचारलं. "नोंदीच्या मुदतीआधीचा."

"घर आहे की आमचं! दोघांच्या नावावर!"

"घर असणं म्हणजे राहणं नव्हे, सेन्योर. इथे अर्ध्या जर्मनीची सुट्टीतली घरं आहेत. डॉक्टर?"

"बार्न्झलीत."

"बँक?"

"बार्न्झलीत."

"वीज, पाणी, फोन?"

"सगळं बायकोच्या नावावर. मी मुद्दाम तसं..." इथे क्लिफर्ड थांबला.

अंपारोने चष्मा काढला. "तुम्ही इथे राहता हे कुणालाही सिद्ध करता येऊ नये, यासाठी तुम्ही अठरा वर्षं मेहनत घेतलीत. ती वाया गेलेली नाही. मलाही सिद्ध करता येत नाहीये."

ग्लेनिसला हसू आलं आणि तिने ते दाबलं नाही. कित्येक वर्षांत इतकं नेमकं वाक्य तिने ऐकलं नव्हतं.

एकच वाट उरली होती. ग्लेनिस मुदतीआधीपासूनची रहिवासी. लग्न त्याच्याही कितीतरी आधीचं. तेव्हा तिचा नवरा म्हणून, तिच्या हक्काच्या आधाराने, त्याला राहता येईल. अर्ज त्याचा, पण त्याच्याखाली ग्लेनिसची सही लागेल: हा माझा नवरा, हा माझ्याबरोबर राहतो, याला माझ्यामुळे इथे राहू द्या. तिची सही नसेल तर क्लिफर्डने सामान बांधायला घ्यावं.

"शुक्रवारी दोघं या. सगळं तयार ठेवते," अंपारो म्हणाली.

बाकीचा आठवडा क्लिफर्ड घरात गप्प होता. ती शांतता ग्लेनिसला आवडली असती, पण तिला माहीत होतं की तो विचार करतोय आणि क्लिफर्डचा विचार म्हणजे दुसऱ्याच्या डोक्याला ताप. गुरुवारी एन्कार्ना अंगणात मटार सोलता सोलता म्हणाली, "अगं ग्लेनिस, सही नको करूस. जाऊ दे त्याला त्याच्या पावसात."

"सेहेचाळीस वर्षं झाली लग्नाला."

"म्हणूनच म्हणते."

"जाईल कुठे तो? भाच्याच्या मागच्या खोलीत? त्याला स्वतःचं अंडंसुद्धा उकडता येत नाही."

"शिकेल. सैपाकाला काय रहिवासाचा दाखला लागतो?"

ग्लेनिस हसली, पण तिने ठरवलं होतं. सही करायची. प्रेमाने नव्हे. रस्त्यात लंगडं कुत्रं दिसलं तर माणूस भाकरी टाकतोच, इतकंच. शिवाय त्याची सोय लागली की त्याने तिला बोलावून नेण्याचा प्रश्नच उरत नव्हता. तो गेला असता तर त्याने तिलाही ओढलं असतं, फ्लॅट विकायला लावला असता, आणि तिचं गाणं, तिची जिन्याखालची तुळशीएवढी बाग, एन्कार्ना, सगळं सोडून ती बार्न्झलीच्या कुठल्यातरी खिडकीतून पाऊस बघत बसली असती. ही एकच भीती तिला होती. सही केली की ती भीती मिटत होती. स्वस्तातला सौदा, असं तिने स्वतःला सांगितलं.

शुक्रवारी क्लिफर्ड कोट घालून आला, भर जुलैत. पडलो तरी नाक वर. खुर्चीत बसताच त्याने अर्ज वाचायला घेतला, आणि वाचता वाचता त्याचा चेहरा लाल होत गेला.

"हे काय लिहिलंय? मुख्य हक्कदार ग्लेनिस, आणि मी तिचा... कुटुंबीय?"

"तसंच असतं," अंपारो म्हणाली.

"उलटं लिहा. मुख्य मी, आणि ती माझी."

"उलटं नाही लिहिता येत. हक्क त्यांचा आहे, तुमचा नाही."

"अहो बाई, सेहेचाळीस वर्षं मी तिला पोसलंय! उद्या बारमध्ये कुणी विचारलं, वकीलसाहेब, कुणाच्या कागदावर राहता, तर काय सांगू? बायकोच्या?"

"खरं तेच सांगा," अंपारो म्हणाली. "सवय नसेल तर थोडं जड जाईल."

ग्लेनिसने पेन हातात घेतलं होतं. "क्लिफर्ड, कोण विचारणार आहे तुला? दे इकडे तो कागद."

"थांब!" त्याने कागद स्वतःकडे ओढला. डोळ्यांत एकदम चमक आली. ही चमक ग्लेनिस ओळखून होती, गंजलेल्या गाडीला रंग मारून विकायची युक्ती सुचली की ती यायची. "सोपं आहे. तू तुझं कार्ड परत करून टाक. रद्द कर. म्हणजे आपण दोघं सारखे झालो. मग नव्याने अर्ज करू, माझ्या नावाने, त्यात तू. रॉन म्हणाला असं करता येतं."

अंपारोने टेबलावर दोन्ही हात ठेवले. "रॉन काहीही म्हणो. यांनी कार्ड परत केलं तर ते पुन्हा मिळणार नाही. यांचं राहणं संपलं आणि तुमचंही. दोघांना जावं लागेल."

"नक्की?"

"अगदी नक्की."

क्लिफर्डने फार वेळ घेतला नाही. ग्लेनिस त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं होतं, निदान एवढं कानावर पडल्यावर तो खाकरेल, नजर चुकवेल, मग म्हणेल, बरं, राहू दे. पण त्याचा चेहरा उलट सैल पडला, घट्ट बुटातून पाय निघावा तसा.

"मग जाऊ की दोघं," तो म्हणाला. "तसाही कंटाळा आला होता. फ्लॅट विकू. भाचा खोली देईल. ग्लेन, काढ ते कार्ड, देऊन टाक बाईंना."

म्हणजे तिच्यामुळे राहायचं, यापेक्षा तिचं सगळं गेलेलं त्याला चालत होतं. गाणं, बाग, घर, सगळं. आणि यात आपण तिचं काही घेतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. एवढ्या हलक्या माणसाशी इतकी वर्षं संसार केला, याची ग्लेनिसला त्या खुर्चीत बसल्या बसल्या लाज वाटली. नुसती त्याची नव्हे, स्वतःचीही.

तिने पर्समधून कार्ड काढलं, नीट पाहिलं, आणि परत पर्समध्ये ठेवून चेन ओढली. मग पेनाला टोपण लावलं आणि ते अंपारोपुढे सरकवलं.

"मी सही करत नाही," ती म्हणाली. "आणि फ्लॅटच्या कागदावरही करणार नाही."

"काय?"

"ऐकलंस तू."

"बावळटपणा करू नकोस, ग्लेन. मी निघालो तर तू इथे एकटी काय करशील?" तो उठला, कोटाची बटणं लावायला लागला, एक चुकीच्या काजात गेलं. "चल. ऊठ. घरी जाऊन बोलू."

ती उठली नाही. तिने अंपारोला स्पॅनिशमध्ये विचारलं की वीजबिलाची तक्रार करायची असेल तर अर्ज तिच्याकडेच मिळतो का. अंपारो म्हणाली, मिळतो, आणि खण उघडून शोधायला लागली.

क्लिफर्ड दारापर्यंत गेला. दार उघडून, हातात धरून तो उभा राहिला. आयुष्यभर तो असाच पुढे जाऊन दारात थांबत आला होता आणि ती पर्स उचलून मागे येत आली होती. बाहेरचा उन्हाचा झोत आत शिरत होता.

"ग्लेनिस, मी वाट बघतोय."

ग्लेनिसने मान वळवली नाही.

"दार लाव, क्लिफर्ड," ती म्हणाली. "एसीची हवा बाहेर जातेय."