गाळलेली पायवाट

सरकारचा हुकूम आला त्या वर्षी हिल्डा प्रॉसरने गावातल्या एकूण एक पायवाटा तुडवल्या. शाळा सुटली की चिखलाचे बूट चढवायचे, नकाशाची गुंडाळी काखेत मारायची आणि निघायचं. गावच्या शाळेची बाई तीच, कौन्सिलची चिटणीसही तीच. लोकांच्या वहिवाटीची प्रत्येक वाट नकाशावर काढून जिल्ह्याला पाठवायची होती. नकाशावर आली ती वाट टिकली. सुटली तिला पुढे कोणी विचारणार नव्हतं.

एकवीस वाटा काढून झाल्या. बाविसावी दगडाच्या खाणीजवळच्या घरांपासून इस्टेटीच्या सफरचंदाच्या बागेतून थेट चर्चपाशी उतरायची.

हिल्डाचा धाकटा भाऊ लेन त्याच बागेचा मुकादम. रविवारी तिच्याकडे जेवायला आला, पण ताटातल्या मटणाला हात लावेना.

"ताई, ती बागेतली वाट नाही काढली तर चालेल?"

"का रे?"

"मालकांना नकोय. नवी रोपं लावलीत ना. मला म्हणाले, तुझी बहीणच लिहितेय की सगळं."

"म्हणजे धमकीच झाली."

"हसत हसत म्हणाले. पण राहतं घर त्यांचं आहे, ताई. नोकरी गेली की घर गेलं. आणि ग्लेनिसला सातवा लागलाय."

आई गेल्यावर लेनला हिल्डानेच वाढवलं होतं. त्या आठवड्यात नकाशा जिल्ह्याला गेला, एकवीस वाटांचा.

पोस्टात बेव्हनकाकूंनी तिला गाठलं. काकू खाणीजवळ राहायच्या. "बाई, आमची वाट घातलीत ना हो?"

"घातली की," हिल्डा म्हणाली आणि पाकिटांना तिकिटं चिकटवत राहिली.

फेब्रुवारीत काकूंचा नवरा वारला. खाणीवरची माणसं आपली मयत खांद्यावरून बागेतूनच खाली आणत. हिल्डा काकूंचा हात धरून शवपेटीमागून चालत होती. बागेच्या फाटकाला नवंकोरं कुलूप होतं, वर काटेरी तार. पलीकडे लेन टोपी हातात घेऊन उभा.

"लेन, उघड की लेका," पुढचा खांदेकरी म्हणाला. "वजन आहे रे."

"किल्ली मालकांकडे आहे." लेन टोपीकडे बघत म्हणाला. "नकाशात वाटच नाही म्हणतात."

"असं कसं?" काकू म्हणाल्या. "बाईंनी घातलीये. विचार हिला."

हिल्डाने मान वर केली नाही. पेटी वळवली. सडकेने तीन मैल पडले. दोनदा पेटी रस्त्याकडेला ओल्या गवतावर टेकवावी लागली. काकूंनी सबंध रस्ता तिचा हात सोडला नाही, आणि तेच तिला सोसवेना.

हरकतींची मुदत अजून संपली नव्हती. हिल्डाने आपल्याच नकाशावर हरकत घेतली. जूनमध्ये जिल्ह्याच्या कचेरीत सुनावणी झाली. गावातली तीसेक माणसं बसने आली होती, काकूही.

"नकाशाखाली सही तुमचीच आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"माझीच."

"मग ही वाट राहिली कशी?"

"राहिली नाही साहेब. मी गाळली. वहिवाट ठाऊक असून."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"ते मी सांगणार नाही."

सांगायची गरजही नव्हती. बागेचा मुकादम तिचा भाऊ, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

वाट नकाशावर आली. कौन्सिलने चिटणीसपद काढून घेतलं, शाळा तेवढी ठेवली. मालकांनी लेनला सप्टेंबरअखेर घर सोडायला सांगितलं. सामान लॉरीत चढत होतं तेव्हा हिल्डा गेली. त्याची बायको ग्लेनिस बाळाला घेऊन पुढे बसली होती. तिने काच वर केली.

"माझ्याकडे या ना रे. दोन खोल्या आहेत."

"गाळ म्हणालो तो मीच," लेन दोर आवळत म्हणाला. "पण कबूल करायला उभी राहण्याआधी मला सांगायचंस, ताई. मला बसमधून परतलेल्या माणसांकडून कळलं."

तिला भीती वाटली होती, सांगितलं तर तो थांबवेल आणि आपण थांबू.

पुढच्या रविवारी काकू बागेतून चर्चला आल्या, बुटांना गवताचं बी चिकटलेलं. हिल्डाने बाकावर सरकून जागा केली. काकूंनी मान लववली, नेहमीसारखी, आणि दोन बाक मागे जाऊन बसल्या.