पळीचा तुरा

मी बाळकृष्णाच्या मुकुटावरचा निळा तुरा बोलतो आहे. मूळची मी तांब्याची पळी. धारवाडचे वेंकटेशराव वकील रोज माझ्याने आचमन घेत, देवाला पाणी घालत. घेता घेता माझा तळ झिजला, गळू लागला. पुढे तेही गेले.

त्यांच्या पत्नी अंबूताईंना मला मोडीत घालवेना. सुभाष रोडच्या मागे मंगला मिन्याचे काम करते. तिच्यापुढे मला ठेवून त्या म्हणाल्या, "देवाच्या अंगावर चढेल असं काही कर. ह्यांचा हात लागलेलं तांबं आहे."

मंगलाने मला ठोकून सपाट केले, मोरपिसासारखे कापले. दोन्ही अंगांना काचेची ओली पूड लावून, वाळवून, लाल भट्टीत ठेवले. पूड वितळली आणि माझी त्वचा झाली. देह तोच, नाव दुसरे. चांदीच्या कोंदणाचा सांधा तिने डाख देऊन आधीच जोडला होता, कारण काच आत बसल्यावर तिच्याजवळ डाखाची ज्योत चालत नाही. कडा नुसती दाबून तिने मला आत धरले.

"अक्का, मऊ फडक्यानं पुसायचं फक्त," ती म्हणाली. अंबूताईंनी मान हलवली.

परंतु तांब्याचे आणि चिंचेचे नाते उपदेशाहून जुने असते. दर एकादशीला पूजेच्या उपकरण्यांबरोबर मलाही चिंच लागत गेली. चांदी उजळली, माझा निळा रंग राखेसारखा झाला.

सून दीपश्री म्हणाली, "आई, तुमचा मोतीबिंदू काढला, आता तुऱ्याचा काढायचा का?"

मंगलाने मला उजेडात धरले. "चिंच लावलीत?"

"तांब्याला दुसरं काय लावतात गं?"

"तांबं आत आहे, अक्का. वर काच आहे. परत भट्टीत घालते, पण कोंदणातून काढता-बसवताना फुटला तर माझा इलाज नाही."

खंडित वस्तू देवाला वाहत नाहीत, पाण्यात सोडतात. "त्यांचं एवढंच राहिलंय," अंबूताई म्हणाल्या. "घाल."

अग्नी मला परका नव्हता. निळा रंग परतला. मात्र कडा पुन्हा दाबताना टोकाची तिळाएवढी काच उडाली आणि आतले तांबे दिसू लागले.

दीपश्री हळूच म्हणाली, "खंडित झाला, आई."

"परत काढून भरते," मंगला म्हणाली.

अंबूताईंनी त्या तांबूस ठिपक्यावर बोट ठेवले. "इरली, राहू दे. पळी गळत होती, तरी देवानं त्यांच्या हातचं पाणी घेतलं की."

आता मी पुन्हा मुकुटावर आहे. चिंच या घरात साराला लागते, मला नाही. वाचकहो, आपल्या देव्हाऱ्यात मिन्याचे काही असेल तर त्याला घासू नका, पुसा. मागणे एवढेच. सकाळी फडके फिरते, टोकाशी येते आणि तिथे अंबूताईंचे बोट क्षणभर थांबते. मग त्या मला देवाच्या मस्तकी ठेवतात आणि पूजा पुढे चालू होते.