आजची कटकट

डॉक्टर टेबलावरच्या पेनाशी चाळा करत बोलत होते. चांगली बातमी सांगताना कुणी पेनाशी चाळा करत नाही, एवढं मला कळतं.

"स्वरयंत्र काढावं लागेल," ते म्हणाले. "गाठ पूर्ण निघेल, तुम्ही बऱ्या व्हाल. पुढे सराव करून, एक छोटी झडप बसवून बोलताही येईल. पण हा आवाज नसेल."

माझा नवरा शेजारी बसून मान हलवत होता, नव्या गावात कुणी पत्ता सांगताना आपण हलवतो तशी. महिनाअखेरीची तारीख ठरली.

आवाज तसाही कोकिळेचा नव्हता. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. "क्लच! अहो, क्लच! समोर बघा, माझ्याकडे काय बघताय!" असं ओरडून ओरडून तो मुळातच जाडाभरडा झालेला, आणि गेले काही महिने तर फुटक्या डब्यासारखा वाजत होता. नोकरीची मला चिंता नव्हती. घाबरलेल्या माणसाला ऐकू येत नाही, त्यामुळे मी पहिल्यापासूनच अंगठीने डॅशबोर्डवर ठोकते. एकदा ठोकलं की क्लच, दोनदा ठोकलं की ब्रेक. स्कूलचे मालक म्हणालेच, "मॅडम, तुमची अंगठी शाबूत आहे ना? मग बऱ्या होऊन या." चिंता होती ती घराची. आमचं घर माझ्या तोंडावर चालतं. माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ते खोटं नाही.

माझे बाबा गेले, मागे त्यांचा एकच व्हिडिओ आहे, निवृत्तीच्या समारंभातला. "आदरणीय व्यासपीठ आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो" अशी सुरुवात. त्यात बाबा आहेत, त्यांचा उसना आणलेला कोट आहे, पण तो आवाज त्यांचा नाही, कोटाचा आहे. हातात पिशव्या घेऊन जिन्याच्या तळाशी उभे राहून "चिमणे, दार उघड गं, हात मोडले माझे" असं ओरडायचे, तो आवाज कुठेच नाही. मी डोळे मिटून किती वेळा आठवायचा प्रयत्न केला. शब्द आठवतात, आवाज येत नाही. फार वाईट वाटतं, अजूनही.

म्हणून दवाखान्यातून घरी येताना बसमध्येच मी ठरवलं. रोज एक छोटा व्हिडिओ करायचा, घरातला. भाषण नाही, संदेश नाही, आशीर्वाद तर मुळीच नाही. नुसती रोजची मी. माझ्या माणसांना माझा कोट घातलेला आवाज मिळता कामा नये.

आमच्या लेकीला आम्ही फटाकडी म्हणतो, कारण तिला पेटायला वेळ लागत नाही आणि विझली की घरभर धूर. फोनमधलं सगळं तिला कळतं. तिने व्हिडिओंसाठी वेगळा कप्पा करून त्याला नाव दिलं, 'आजची कटकट'. नाव देताना हसली आणि मग नाक पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. त्यातून ओटा दिसत होता, लेकीच्या खोलीचं दार दिसत होतं आणि आमच्या पलंगाचा कोपराही. त्या कोपऱ्यावर लग्न झाल्यापासून रोज एक ओला टॉवेल पडतो. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, केसाएवढा ओरखडा त्याला दिसतो, पण टॉवेल दिसत नाही. मी तयारीत उभी राहिले.

नवरा अंघोळ करून आला, फोनकडे बघितलं, टॉवेल झटकला आणि दोरीवर वाळत घातला. दोन्ही टोकांना चिमटे लावले. चिमटे! या माणसाला घरात चिमटे आहेत हेच मुळात ठाऊक नव्हतं. मागोमाग लेक आपली आपण उठून, केस विंचरून बाहेर आली आणि म्हणाली, "सुप्रभात, आई."

"सुप्रभात, बाळा," मी म्हणाले. "दूध देऊ का?"

नंतर व्हिडिओ बघितला, तर त्यात जणू एक अनोळखी बाई विमानातल्या प्रवाशांना दूध विचारत होती. मी चिडून तो पुसून टाकला.

पुढे रोज तेच. फोन डब्याच्या मागे लपवला, तरी तेच. शेवटी मी हुकूम सोडला, "उद्या कुणीही शहाण्यासारखं वागायचं नाही."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने टॉवेल दोन्ही हातांनी पलंगावर निजवला, झोपलेलं बाळ ठेवावं तसा, आणि फोनकडे बघितलं.

"अहो, हे काय?"

"टाकला की."

"याला टाकणं म्हणतात?"

लेक आतून ओरडली, "मी नाही उठणार, जा!" आणि क्षणभराने, "बरोबर झालं का?"

मला हसू आलं, पण दिवस हातातून चालले होते. आवाज रोज थोडा थोडा झिजत होता. दुपारी शिकवून आले की नुसती हवा यायची. एका संध्याकाळी फोन बॅगेतच होता, बाहेर काढलाही नव्हता, आणि तरी माझ्या लक्षात आलं की नवरा हळूच कपाट लावतोय. आवाज न करता. लेक टीव्हीचा आवाज कमी करून बसलेली. तेव्हा माझी ट्यूब पेटली. हे कॅमेऱ्याला लाजत नव्हते, मला घाबरत होते. आजारी माणसाशी कोण भांडणार? आणि आमच्या घरात भांडण नाही म्हणजे माझा आवाज नाही. डॉक्टर महिनाअखेरीला काढणार होते, यांनी आधीच काढून टाकला होता.

रविवारी नणंदबाई आल्या. मनाने लोण्याहून मऊ, पण सल्ला द्यायला बसल्या की उठत नाहीत. त्यांनी एक दिवा आणला होता, चेहऱ्यावर उजेड पाडणारा, आणि स्वतः लिहून आणलेला कागद.

"तू फक्त वाच," त्या म्हणाल्या. "लेकीच्या पुढच्या आयुष्यासाठी दोन शब्द. रडू आलं तरी चालेल. उलट चांगलंच."

"ताई, मला हे नको होतं."

"अगं, एवढा एक कर. माझ्यासाठी."

फोन डब्याला टेकलेला, दिवा डोळ्यांवर, लेक दाराच्या चौकटीत. मी वाचायला लागले. "माझ्या लाडक्या कन्ये, जीवनाच्या वाटेवर..." बाबांचा उसना कोट माझ्या अंगावर चढलाय असं वाटलं. तेवढ्यात नवरा उठला आणि ओट्यापाशी जाऊन पुसलेला ओटा परत पुसायला लागला.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"इथेच आहे. चालू दे तुझं."

"तुम्ही एकदाही बसून बघितलं नाहीत. एकही नाही."

"नाही बघितलं."

"का?"

"का म्हणजे?" तो वळला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "मला नकोय तुझा आवाज त्या डबड्यात! मला तो इथे हवाय, सकाळी सकाळी डोकं उठवणारा! तू खुशाल बरणीत लोणचं घातल्यासारखा भरून ठेवतेस, आणि मी बसून बघू?"

"मग भरू तरी द्या ना धड! नुसतं पाणी भरतंय त्यात. भांडत का नाही माझ्याशी?"

"तुझ्याशी? आत्ता? कुठल्या तोंडाने भांडू?"

"आहे त्याच तोंडाने! मी मेलेली नाही अजून. माझ्यासमोर चोरासारखे फिरू नका!"

"बरं!" तो म्हणाला, आणि हातातलं ओलं फडकं त्याने जमिनीवर आपटलं. माझ्या धुतलेल्या, वाळलेल्या फरशीवर. "घे! टाकलं! बोल, काय बोलायचंय ते!"

आणि मग मी बोलले. फडक्यापासून सुरुवात केली, टॉवेलवर आले, तिथून त्याच्या बंद न होणाऱ्या कपाटावर, हॉटेलात नेऊन साधा चहा पाजला होता त्यावर, आणि लेकीच्या जन्माच्या दिवशी दवाखान्याचा मजला चुकून दुसऱ्याच बाईच्या बाळाला मांडीवर घेऊन बसला होता त्यावर. तोही गप्प राहिला नाही. "बाळावर नाव लिहिलेलं असतं का?" म्हणाला. माझा आवाज मध्येच फाटत होता, मध्येच नुसती शिट्टी येत होती, पण थांबतेय कोण? नणंदबाई कागद छातीशी धरून उभ्या. मग मला हसू फुटलं, त्याला रडू फुटलं, आणि त्याने रडत रडतच फडकं उचललं.

"आई," लेक दारातून म्हणाली, "फोन चालूच आहे."

नणंदबाईंनी दिवा गुंडाळला. जाताना माझ्या कानात म्हणाल्या, "मजल्याचं मला ठाऊकच नव्हतं गं."

त्या दिवसापासून घर ताळ्यावर आलं, म्हणजे पुन्हा बिघडलं. टॉवेल पलंगावर पडायला लागला, पडायचा तसाच, न बघता. लेक उठेना. मी रोज फोन डब्याला टेकवायची आणि तो तिथे आहे हे पाच मिनिटांत विसरायची. एका सकाळी तर मी तिच्या दारात उभी राहून अशी काही सुरू झाले की खालच्या मजल्यावरचे आजोबा उठले असतील. "फटाकडे! उठतेस, की पाणी ओतू? शाळा काय तुझ्यासाठी थांबणार आहे? ए, तुझ्याशी बोलतेय मी, उशीशी नाही!" ते सगळं आलं त्यात. शेवटच्या दिवशीचा व्हिडिओ सगळ्यात छोटा आहे. मी बॅगेची चेन लावतेय आणि विचारतेय, "गॅस बंद केला का?"

ऑपरेशन चांगलं झालं. त्या दिवसांबद्दल मी फार काही सांगणार नाही. गळ्याला एक भोक, त्यातून श्वास. पहिल्यांदा शुद्धीवर आले तेव्हा नर्सबाईंना "पाणी" म्हणायला तोंड उघडलं आणि ओठ नुसते हलले. ते माहीत असूनही मी हादरले.

घरी आले तर घर लख्ख. पुन्हा सगळे पाय न वाजवता चालत होते. मी पाटीवर लिहिलं, "हे काय चालवलंय?" नवऱ्याने ती वाचली आणि उशी नीट करून दिली. मला इतका राग आला! आणि राग काढायचा कशाने, पाटीने? लिहून होईपर्यंत तो निम्मा उरतो. त्या रात्री मी रडले. आवाज नसलेलं रडणं कुणाला ऐकूही येत नाही.

सकाळी जाग आली ती माझ्याच आवाजाने.

"फटाकडे! उठतेस, की पाणी ओतू?"

मी दचकून उठून बसले. आवाज लेकीच्या खोलीतून येत होता. तिने त्याचाच गजर लावला होता. "शाळा काय तुझ्यासाठी थांबणार आहे?" फाटका, फुटक्या डब्यासारखा, आणि माझाच. कोटातला नव्हता. मी भिंत धरत तिच्या दारापर्यंत गेले. ती पालथी झोपली होती, डोळे घट्ट मिटलेले, तोंड उशीत.

"ए, तुझ्याशी बोलतेय मी, उशीशी नाही!"

"पाच मिनिटं गं, आई!" ती झोपेत वसकन ओरडली. "किती कटकट करतेस!"

मी चौकटीला टेकून उभी राहिले. गळ्यातून श्वास जोरात येत होता. तिने मला पाहिलं नव्हतं, मी तिथे आहे हे तिला माहीतही नव्हतं. ती मला उत्तर देत होती.

मी स्वयंपाकघरात गेले आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवला. तोवर नवरा अंघोळ करून आला. लेकीच्या खोलीतला गजर अजून चालू होता. त्याने तो ऐकला, माझ्याकडे बघितलं, आणि काय झालं कोण जाणे, टॉवेल पलंगावर भिरकावून शर्ट शोधायला लागला.

मी अंगठी चौकटीवर ठोकली. टक, टक.

तो थांबला नाही. शर्टात डोकं घालत होता.

मी परत ठोकली, जोरात. टक, टक!

"उचलतो गं!" शर्टाच्या आतून तो खेकसला. "जरा शर्ट तरी घालू देशील की नाही माणसाला!"

मी चौकटीवर हात ठेवून उभी राहिले, आणि तो टॉवेल दोरीवर जाईपर्यंत फोन बंद केला नाही.