सेहेचाळीस नंबरची चिठ्ठी

मी एक जुनी वायफायची पेटी आहे, मित्रांनो. आकार जेवणाच्या ताटलीएवढा, रंग एकेकाळी पांढरा. माझे सारे आयुष्य छताला उलटे टांगून गेले. त्यामुळे माणसांचे चेहरे मला फारसे ठाऊक नाहीत. त्यांचे भांग ठाऊक आहेत, टकले ठाऊक आहेत आणि आवाज ठाऊक आहेत. आवाज तर माझ्या पोटातूनच जात.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून खोक्यात बसून मी फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात आले. एका मोठ्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, लांबलचक गॅलरीच्या मधोमध मला बसवले. माझ्या एका अंगाला शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा वॉर्ड होता. दुसऱ्या अंगाला, दोन दारे ओलांडून, डॉक्टरांची बसायची खोली होती. मी आले तसा वॉर्डाच्या भिंतीवरचा जुना फोन काढून टाकला आणि प्रत्येक नर्सच्या गळ्यात एक छोटा फोन अडकवला. आता सगळे बोलणे माझ्यातून जाणार होते.

माझे काम रांगा लावण्याचे. हवा एकच असते आणि तिच्यात एका वेळी एकालाच बोलता येते. म्हणून माझ्याकडे चार रांगा असतात. सर्वांत पुढे बोलण्याची, तिच्यामागे चित्रांची, मग साध्या कामांची आणि शेवटी ज्याला काहीच घाई नाही त्याची. चित्र क्षणभर अडले तर बघणारा चरफडतो आणि थांबतो. बोललेला शब्द मात्र उशिरा पोहोचला तर ऐकणारा फोन तो टाकूनच देतो. वाक्य पुढे गेलेले असते. उशिरा आलेल्या शब्दाला जागा उरत नाही.

कोणाला कोणत्या रांगेत उभे करायचे हे मी माझ्या मनाने ठरवत नाही. बोलणे असो वा चित्र, ते माझ्याकडे बारीक तुकड्यांत येते आणि प्रत्येक तुकड्यावर एक चिठ्ठी असते. ती वाचायची आणि नियमांच्या पोथीत पाहायचे. अडचण अशी, की पोथ्या दोन आहेत. तारेवाल्यांची सभा वेगळी, त्यांची पोथी वेगळी. हवेवाल्यांची सभा वेगळी, त्यांची पोथी वेगळी. दोन्ही पोथ्या विद्वानांनी लिहिल्या आणि दोन्ही आपापल्या घरात बरोबर आहेत.

मला बसवले त्या दिवशी शिडीच्या पायथ्याशी दोन माणसे उभी होती. इस्पितळाच्या तारा वीस वर्षे सांभाळणारा हर्मी साल्सेदो, ज्याला सगळे नोंग हर्मी म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. आणि हवेचे काम घेतलेल्या कंपनीचा डेल्फिन, वयाने बराच लहान, म्हणून हर्मी त्याला तोतो म्हणे, म्हणजे धाकटा.

"हे बघ तोतो," नोंग हर्मी म्हणाला, "माझ्या तारेत आवाजाच्या चिठ्ठीवर सेहेचाळीस असतं. जगात कुठंही जा, सेहेचाळीसच."

"माझ्या हवेत शून्य ते सात एवढेच आकडे आहेत, नोंग. सेहेचाळीस कुठं बसवू? तुमच्या टकलावर?"

"तुझ्या पेटीला वाचता येत नाही तो तुझा दोष."

"तुमची चिठ्ठी लांबलचक, तो तुमचा."

या दोन पोथ्यांची सांगड घालणारी एक तिसरी, पातळ पुस्तिका आहे. कोणता आकडा कुठे बसवायचा हे तिच्यात ओळीओळीने दिले आहे. दोघांनाही ती ठाऊक होती. हर्मीला वाटले, सांगड घालणे हवेवाल्याचे काम. डेल्फिनला वाटले, तारेवाल्याचे. दोघे खाली उतरले, कँटीनमध्ये बाचॉयचे, म्हणजे शेवयांच्या सूपचे, गरम वाडगे घेऊन बसले, आणि मी कारखान्यातून जशी आले होते तशीच कामाला लागले.

कारखान्यातून मी काय शिकून आले होते ते सांगते. सेहेचाळीस हा आकडा चिठ्ठीवर सहा घरांत लिहितात: भरलेले, रिकामे, भरलेले, भरलेले, भरलेले, रिकामे. मला सहा घरे वाचायची सवय नाही. मी पहिली तीन वाचते आणि उरलेली सोडून देते. भरलेले, रिकामे, भरलेले. त्याचा आकडा होतो पाच. माझ्या पोथीत बोलण्याची रांग सहापासून सुरू होते. पाच म्हणजे चित्रे.

म्हणजे मित्रांनो, पहिल्या दिवसापासून मी प्रत्येक नर्सचे बोलणे चित्रांच्या रांगेत उभे करत होते. कोणाच्या लक्षात आले नाही, कारण त्या रांगेत एरवी गर्दी नसे. एखादा डॉक्टर मनिलाच्या तज्ज्ञाशी पडद्यावर बोलायचा, तेवढेच. त्यासाठी नोंग हर्मीने बाहेरून येणाऱ्या सगळ्याच चित्रांना वरची, म्हणजे चित्रांच्या रांगेची, चिठ्ठी लावून ठेवली होती. चार वर्षे माझे कौतुक झाले. "आता ओरडावं लागत नाही," नर्सा म्हणत.

त्यांच्यात पुरिंग फामातिद होती. सतरा वर्षांची नोकरी. अंगाने आडवी, आवाजाने उभी. धाकट्या नर्सा तिला नांग पुरिंग म्हणत, थोरली बहीण म्हणून, आणि थट्टाही करत. "नांग पुरिंगला फोन कशाला दिलाय? खिडकी उघडली की पुरे, खाडीपलीकडे गिमारास बेटावर ऐकू जातं."

तो रविवार होता. आमच्या देशाचा मुष्टियोद्धा दूर अमेरिकेत लढत होता. तिकडे शनिवारची रात्र, आमच्याकडे रविवारची सकाळ. अशा सकाळी रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. रुग्णांसोबत राहणारे घरचे लोक कँटीनमध्ये मोठ्या पडद्यासमोर जमले. डॉक्टरांच्या खोलीत पाच फोन, वॉर्डात नऊ, गॅलरीत कितीतरी. सगळी चित्रे माझ्यातून जात होती आणि प्रत्येकावर वरची चिठ्ठी होती.

सात नंबरच्या खाटेवर लोलो तिनोय, म्हणजे तिनोय आजोबा, होता. जन्मभर बेटाबेटांत होडी चालवलेला म्हातारा. आदल्या दिवशी त्याच्या मांडीच्या मोठ्या नसेवर शस्त्रक्रिया झाली होती. त्या सकाळी वॉर्डात पुरिंग एकटीच नर्स होती आणि त्याला पेज भरवत होती.

"इन्दाय, कितवी फेरी?" त्याने विचारले. इन्दाय म्हणजे पोरी.

"पाचवी. तुम्ही पेज खा. मार खायला तो आहे तिकडे."

"आपला खातोय?"

"आपला देतोय. तोंड उघडा."

सातव्या फेरीत टाका सुटला. वॉर्डाच्या उघड्या दारातून चादर लाल होताना मी पाहिली. पुरिंगने दोन्ही हात मांडीवर रोवले आणि सारा भार टाकला. हात उचलले तर म्हातारा मिनिटभरात गेला असता. तिने हनुवटीने गळ्यातल्या फोनचे बटण दाबले. पलीकडे डॉक्टर सेंतेनोने फोन उचलला.

"डॉक्टर, सात नंबर! नस सुटलीय! मी दाबून धरलंय, हात काढता येत नाही, लगेच या!"

तिचे बोलणे माझ्याकडे आले. मी चिठ्ठी वाचली. भरलेले, रिकामे, भरलेले. चित्रांच्या रांगेत उभे केले. तिथे ठोशांची गर्दी होती.

बारा सेकंदांच्या त्या फोनमध्ये तिच्या आवाजाचे सहाशे तुकडे माझ्याकडे आले. वेळेवर पोहोचले एकवीस. एकवीस तुकड्यांचा शब्द होत नाही, मित्रांनो. नुसती खरखर होते.

"हॅलो? कोण आहे?" डॉक्टर म्हणाला. मग खोलीतल्यांना, "काही बोलतच नाही. कोण जिंकतंय ते विचारत असेल." सगळे हसले आणि फोन बंद झाला.

तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती फोनमध्ये रडून ओरडली. त्याच क्षणी आमच्या योद्ध्याने समोरच्याला लोळवले. कँटीनपासून छपरापर्यंत इस्पितळ गरजले आणि तिचा तो प्रसिद्ध आवाज त्या गर्जनेखाली दबून गेला. शेवटी अकरा नंबरचा रुग्ण सलाइनची दांडी ओढत डॉक्टरांच्या दारापर्यंत गेला. ते धावत आले तेव्हा पुरिंगचे हात तसेच रोवलेले होते. खाली दाबण्यासारखे काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. मुख्य मेट्रन कोन्सुएलोबाईंनी माझ्याच खाली, गॅलरीत खुर्च्या मांडायला लावल्या.

डॉक्टर सेंतेनो खोटे बोलला नाही. "फोन आला. तीनदा आला. पण ती एक शब्द बोलली नाही."

"मी बोलले," पुरिंग म्हणाली. "सगळं बोलले. खाट, नस, सगळं."

"घाबरलं की जीभ लुळी पडते, पुरिंग," कोन्सुएलोबाई म्हणाल्या. "तू कबूल कर. कबूल केलंस तर नुसती बदली लिहीन."

"सतरा वर्षांत माझी जीभ कधी लुळी पडलेली बघितलीत का? त्या पेटीला विचारा. ती लिहून ठेवते म्हणतात. त्यात दिसेल मी बोलले की नाही. दिसलं नाही, तर मी स्वतः घरी जाईन."

ती खरे बोलत होती. मी लिहून ठेवते. माझी पाटी लहान आहे, पण त्या तीन फोनांच्या ओळी तिच्यावर स्पष्ट होत्या: किती तुकडे आले, कोणत्या रांगेत गेले, किती पोहोचले. बाईंनी हर्मी आणि डेल्फिनला चार दिवसांची मुदत दिली.

डेल्फिन त्याच दुपारी शिडीवर चढला. मांडीवर संगणक ठेवून त्याने माझी पाटी वाचली.

"नोंग, वर या जरा."

"गुडघे दुखतात. वाच तिथूनच."

"तीन फोन. तिन्ही नांग पुरिंगचे. पहिल्यात सहाशे तुकडे आले, एकवीस गेले. तिन्ही चित्रांच्या रांगेत."

"कोणी घातले तिथं?"

"पेटीनं. तुमच्या सेहेचाळीसची पहिली तीन घरं वाचून."

"म्हणजे तुझी पेटी."

"चिठ्ठी तुमची, नोंग. आणि ठोसेबाजीला वरची चिठ्ठी कोणी लावली?"

"सांगड घालायचं तुझ्या करारात होतं."

"तुमच्या खात्याच्या नियमात होतं."

गॅलरीतून एक ढकलगाडी कुरकुरत गेली. ती लांब गेली तसा हर्मी शिडीजवळ सरकला.

"हे कागदावर गेलं तर आपल्यातला एक जण घरी जाईल," हर्मी म्हणाला.

"एक नाही. दोघंही."

"दुरुस्ती केवढी आहे?"

"एक ओळ. सेहेचाळीस आलं की सहा समजायचं, एवढंच."

"घाल."

डेल्फिनने ती ओळ घातली. त्या क्षणी दोन पोथ्यांचे भांडण मिटले. चार वर्षे जे कोणी केले नव्हते त्याला चार मिनिटेही लागली नाहीत.

"आणि ही पाटी?" त्याने विचारले.

"दुरुस्तीनंतर पेटी बंद करून चालू करावी लागते ना?"

"नाही लागत, नोंग."

"लागते," हर्मी म्हणाला. आणि मग, हळूच, "लागते, तोतो. तुझी धाकटी अजून पाळण्यात आहे ना?"

डेल्फिनने माझे बटण दाबून धरले. दहापर्यंत मोजताना मी त्याला ऐकले. पुढचे काही क्षण मी नव्हते. परत आले तेव्हा पाटी कोरी होती, नवी ओळ तेवढी जागेवर होती.

त्यांनी अहवाल दिला, "यंत्रणेत दोष आढळला नाही." त्या दिवशी ते खरेच होते. दोष उरलाच नव्हता.

पुरिंगला काढून टाकले. शेवटच्या आठवड्यात ती गॅलरीतून गेली की धाकट्या नर्सा कानाला फोन लावत. "हॅलो? हॅलो? अगं बाई, कोणी बोलतच नाही!" आणि खिदळत. त्यांतल्या दोघींना तिनेच सुई धरायला शिकवले होते.

जायच्या दिवशी ती कपाट रिकामे करून गॅलरीत आली. शिडीवर डेल्फिन होता. तिला पाहून तो उतरला, पण त्याच्याने वर बघवेना.

"नांग," तो म्हणाला, "देव बघतो."

"बघतो रे, तोतो. पण तो लिहून ठेवत नाही. म्हणून तर पेटीला विचारायला सांगितलं होतं मी."

मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. तिचा पुरा चेहरा मला प्रथमच दिसला. मला बोलता येत नाही. मला एक दिवा आहे, तेवढाच. तो हिरवा होता. हिरवा म्हणजे सगळे ठीक आहे. ती तो बघत राहिली आणि मी तिला तेच सांगत राहिले: सगळे ठीक आहे, सगळे ठीक आहे.

तेव्हापासून माझ्यातून जाणारा प्रत्येक शब्द लख्ख पोहोचू लागला. नाताळच्या जेवणात कोन्सुएलोबाईंनी हर्मी आणि डेल्फिनचा सत्कार केला. दोघांना एकत्र उभे करून त्या म्हणाल्या, "तार आणि हवा यांनी हातात हात घालून कसं काम करावं, ते यांच्याकडून शिका." टाळ्या पडल्या. हर्मीने डेल्फिनच्या खांद्यावर हात ठेवला. डेल्फिनने तो काढला नाही.

आता माझ्या जागी नवी पेटी आली आहे. मी सामानाच्या खोलीत मोडक्या व्हीलचेअरखाली पडले आहे. मला पुसा, जपा, असे मी म्हणणार नाही, मित्रांनो. मला जपून कोणाचे काय होणार? माझे मागणे दुसरे आहे. तुमच्यापुढे कधी कोणी हात जोडून म्हणेल, "मी बोलले होते, विचारून बघा." तेव्हा मुदत देऊ नका. ज्यांचा दोष निघू शकतो त्यांच्या हातात शिडी देऊ नका. तुम्ही स्वतः चढा, त्याच दिवशी चढा. आमची पाटी फार लहान असते, आणि ती पुसायला दहा आकडे मोजायचा वेळ पुरतो.