नावातला मासा

"आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसायचा नाही. बसला तर माझी मिशी उतरवा," असं म्हणत आजोबांनी सुईत दोरा ओवला.

शिवणकामाचं दुकान त्यांच्या लेकीचं. ती कापड बेतायची, आजोबा काजं-बटणं करायचे आणि हाताबरोबर तोंडाचा पट्टाही चालवायचे. आज दुकानाच्या मधोमध स्टुलावर नात उभी होती. अंगात कच्च्या टाक्यांचा नवा कोट, हात बुजगावण्यासारखे आडवे. उद्या सकाळी निसर्गसंग्रहालयात तिची मुलाखत होती. आलेल्या लोकांना दालनं दाखवत माहिती सांगायची, अशी नोकरी.

पोरीला सजीवांचे सगळे गट तोंडपाठ, पण तोंड उघडायचं नाव नाही. गेल्या मुलाखतीत साहेबांनी मुद्दामच विचारलं, "कोळी म्हणजे कीटकच, नाही का?" कीटकाला पाय सहा, कोळ्याला आठ, हे तिला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. पण साहेबांना नाही कसं म्हणायचं? तिनं मान डोलावली! उद्या समोर तेच साहेब. उद्याही मान डोलावली तर पुन्हा बोलावणं नाही, असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं.

घरात तिच्या वाटचं सगळं बोलणं तिची आईच उरकायची. म्हणून आजोबांनी वेळ नेमकी साधली होती. या घडीला लेकीच्या ओठांत टाचण्या होत्या. एक टाचणी कोटात गेली की आजोबा तत्परतेनं दुसरी पुढे करत.

"तरुणपणी मी त्याच संग्रहालयात कामाला होतो," ते बाकावर बसलेल्या पाववाल्यांना म्हणाले. पाववाले पँटची वाट बघत होते, त्यामुळे कुठे जाणार नव्हते. "मोठे साहेब रजेवर गेले आणि इकडे ट्रकभर खोकी आली. मला हुकूम होता, एका गोतातलं एका दालनात लाव. मी नाव वाचायचो आणि लावायचो. खवलेमांजर आलं, मांजरांत ठेवलं. पाणघोडा आला, घोड्याशेजारी बांधला."

"रास्त आहे," पाववाले म्हणाले.

"मग आली कुत्र्याची छत्री."

"ती कुत्र्यांत!" पाववाल्यांना चेव चढला.

"मग काय! पाऊस आला तसं कुत्र्यानं ती उघडून डोक्यावर धरली. या डोळ्यांनी पाहिलंय."

"पण आजोबा, खरी जागा तिची झाडपाल्यात," पाववाले म्हणाले. "अळंबी म्हणजे वनस्पतीच की."

स्टुलावरून पुटपुटणं ऐकू आलं.

"कोण बोललं?" आजोबांनी कानामागे हात धरला.

"वनस्पती नाही," नात कॉलरला सांगितल्यासारखं म्हणाली. "बुरशी आहे. हिरवी नसते, स्वतःचं अन्न स्वतः बनवत नाही. काकांच्या पिठातलं यीस्टसुद्धा बुरशीच."

"काय म्हणाली ही यीस्टबद्दल?" पाववाल्यांनी कान टवकारले.

"काही नाही," नात म्हणाली आणि मिटली.

टाचण्यांच्या आडून तिची आई "हं हं" करू लागली. तिला खुलासा करायचा असावा. आजोबांनी घाईघाईनं टाचण्यांची डबीच तिच्यापुढे धरली. पोरगी पेटतेय, त्यांच्या मनात आलं, पण कुजबुजीवर काम भागायचं नाही. साहेबांचं टेबल चांगलं लांबरुंद असतं म्हणतात. थाप जरा अंगापिंडानं भरलेली हवी.

"तर शेवटच्या खोक्यात देवमासा. जिवंत! नावात मासा म्हटल्यावर दिला सोडून मत्स्यालयाच्या टाकीत."

"मावला?"

"शेपूट खिडकीतून बाहेर काढली. पण काय गुणी जनावर! आठवडाभर तळाशी बसून, एकदाही नाक वर नाही. कल्ले असे फडाफड हलायचे की भिंतीवरच्या तसबिरी डुलायच्या."

नातीचे कान लाल झाले.

"अंगावर खवले, एकेक ताटाएवढा."

नातीनं ओठ आवळले.

"आणि एका सकाळी बघतो तर काय, बाईसाहेबांनी अंडी घातलेली! एकाचं ऑम्लेट केलं, अख्ख्या कचेरीला पुरलं. बाकीच्यांतून पिल्लं निघाली. त्यांना मीच बाटलीनं दूध पाजलं. आईला कुठलं दूध असायला? मासाच तो!"

"बरोबर आहे," पाववाले म्हणाले. "माशाला कसलं आलंय दूध!"

"खोटं!"

पाववाले दचकून उठायला गेले. नातीच्या कोटाची एक बाही खांद्यापासून उसवून लोंबत होती, तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

"साफ खोटं, आजोबा! देवमासा मासा नाहीच मुळी! त्याला कल्ले कुठले, त्याला फुप्फुसं असतात. आठवडाभर तळाशी ठेवलात तर गुदमरून मरेल तो! श्वास घ्यायला वर यावंच लागतं त्याला. खवले नसतात, रक्त आपल्यासारखं गरम. अंडी नाही घालत, पिल्लू होतं, आणि त्याला त्याची आईच दूध पाजते. म्हणून तर तो तुमच्या-माझ्या गटात, सस्तनांत! आणि काका, तुम्ही काय हो ला हो करताय? रोज बुरशीच्या जिवावर पाव फुगवता आणि तिला वनस्पती म्हणता?"

"यापुढे नाही म्हणणार," पाववाले म्हणाले आणि निमूट बसले.

लेकीनं टाचण्या तोंडातून तळहातावर काढल्या, पण मध्ये शिरायला तिला फटच सापडेना.

"आणि तुम्ही हो!" नातीनं आजोबांवर बोट रोखलं. आवाज रस्त्यापलीकडे गेला असावा, कारण समोरच्या दुकानातून कुणीतरी डोकावलं. "संग्रहालयात कधी कामाला होतात? जन्मभर या खुर्चीत बसून काजं केलीत. तिथली पायरीसुद्धा चढलेले नाहीत तुम्ही!"